हा हात उत्तर, तो हात दक्षिण

टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा मी वरवे बुद्रुकच्या बाजूला एका जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवत होते आणि राहायला भोरमध्ये होते. मुलं आपापल्या घरी, मी माझ्या घरी. वरून निरोप आला की, शिक्षण थांबता कामा नये, व्हिडिओ करा. बहुतेक शिक्षकांना त्या निरोपानं घाम फुटला. मला मात्र आनंद झाला. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी सूत्रसंचालन करणारी बाई मी. फोनसमोर उभं राहून बोलायला मला कुणी सांगायची वाट होती फक्त.

पहिलाच धडा घेतला तो दिशांचा. बाकीच्यांनी खोलीत फळ्यासमोर उभं राहून व्हिडिओ केले होते, आपण वेगळं करायचं असं ठरवून मी गच्चीत गेले. सकाळी उन्हाकडं तोंड करून उभं राहायचं म्हणजे पूर्व दिशाही खरी आणि चेहऱ्यावर उजेडही चांगला. नवरा बँकेत कारकून, त्याची त्या दिवशी सुट्टी होती. त्याला फोन धरायला लावला. मी ठेवणीतली साडी नेसून जिना चढायला लागले, तर सासूबाईंनी खालून विचारलं, "मुलांना दिशा शिकवायच्यात की कुणाची ओटी भरायला निघालीस?"

धड्यासाठी मी गाणं रचलं होतं. पाठ्यपुस्तकात सरळ लिहिलेलं असतं की, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. पण हे डावा-उजवा माझ्या चालीत बसेना. मग मी ते काढून टाकलं आणि लिहिलं:

पुढ्यात पूर्व, पाठीशी पश्चिम,
हा हात उत्तर, तो हात दक्षिण!

'पश्चिम'ला 'दक्षिण' जुळवलं याचा मला इतका अभिमान वाटला की, मी ते नवऱ्याला तीनदा म्हणून दाखवलं. 'हा हात' म्हणताना मी डावा हात झोकात बाहेर काढायचे, 'तो हात' म्हणताना उजवा. बांगड्या वाजायच्या. शेजारच्या कुकरची शिट्टी, खालून भाजीवाला आणि एकदा नवऱ्याची शिंक, असं करत सहाव्यांदा व्हिडिओ मनासारखा झाला.

तो चालला, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त चालला. आमच्या केंद्रप्रमुखांनी तो फोनवरच्या सगळ्या गटांवर टाकला, तिथून वेल्ह्याच्या शिक्षकांच्या गटांवर गेला. अनोळखी नंबरांवरून अंगठे आणि फुलं यायला लागली. दूध घालायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आमची नात लई नाचती बघा तुमच्या गाण्यावर." पुढं मला तंत्रस्नेही शिक्षिका म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते मी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावलं. प्रशिक्षणात मला बोलायला बोलावू लागले. तिथं मी माईक धरून सांगायचे, "व्हिडिओचं बळ कशात आहे? मूल तो पुन्हा पुन्हा पाहू शकतं. शिक्षक थकतो, व्हिडिओ थकत नाही." समोर बसलेले शिक्षक वहीत लिहून घ्यायचे. ते लिहून घेताहेत हे पाहून मी तेच वाक्य जरा सावकाश परत म्हणायचे.

काही वर्षांनी बदली झाली आणि मी मार्गासनीच्या पुढं, आत एका सातवीपर्यंतच्या शाळेत आले. शाळेच्या मैदानात उभं राहिलं की समोर दक्षिणेला राजगड दिसतो, इतका स्पष्ट की वेगळा काढून दाखवावा लागत नाही. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर चौथीपर्यंतच्या छोट्या शाळा आहेत, तिथली मुलं पाचवीला आमच्याकडं येतात. मला सहावीचा वर्ग मिळाला.

नकाशा शिकवायचा होता. त्याआधी दिशा पक्क्या करून घ्याव्यात म्हणून एका सकाळी मी वर्ग मैदानात आणला. सगळे सूर्याकडं तोंड करून उभे राहिले. मी म्हणाले, "आता उत्तरेकडं तोंड करा."

अख्खा वर्ग झपकन उजवीकडं वळला आणि राजगडाकडं तोंड करून उभा राहिला. तीन-चार मुलं घोटाळली, पण बाकीच्यांना बघून तीही वळली.

"अरे, ही दक्षिण! राजगड आपल्या दक्षिणेला आहे," मी म्हणाले.

दोन वेण्या घातलेली, वर्गातली सगळ्यात धीट मुलगी पुढं आली. "न्हाई बाई, उत्तरच हाये. आमी ल्हानपणापासनं असंच करतो." आणि तिनं उजवा हात बाहेर काढून दाखवला.

तो हात काढण्याची ढब मला ओळखीची वाटायला हवी होती. तशी ती वाटली नाही. मला फक्त संताप आला. वाटलं, ज्यांनी यांना तिसरीत शिकवलं त्यांनी केलं तरी काय? मी मुलांना विचारलं, कुठल्या कुठल्या शाळेतून आलात? तर चार वस्त्यांची नावं आली. म्हणजे चार शाळांमधले शिक्षक एकाच वेळी बेजबाबदार! मी मनातल्या मनात भाषण लिहायला घेतलं.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या बैठकीत, मी ते भाषण केलं. आधी प्रोजेक्टर जोडून दिला, कारण ते काम नेहमी माझ्याकडंच असतं. मग उभी राहिले. म्हणाले की, कुणाचं नाव घेत नाही, पण सहावीच्या मुलांना साधी उत्तर दिशा माहीत नाही. पाया कच्चा राहिला की वरच्या वर्गातल्या शिक्षकानं काय करायचं? टाळेबंदी होती हे मान्य, पण तेव्हा आमच्यासारख्यांनी मेहनत घेऊन साहित्य तयार केलं होतं, ते तरी दाखवायचं होतं.

मागच्या बाकावरून एक गुरुजी उठले. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले, एका वस्तीवरच्या शाळेत बरीच वर्षं असलेले, बैठकीत कधी तोंड न उघडणारे. त्यांच्या वस्तीवरची सहा मुलं माझ्या वर्गात होती.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या वस्तीवर रेंज येत न्हाई. म्हणून मी तुमचा व्हिडिओ हितं खाली येऊन फोनात उतरवून घेतला होता. मग घरोघर जाऊन दाखवला. एकेका घरी दोन-दोन, तीन-तीनदा. पोरांना लई आवडायचा. आजून हाये माझ्याकडं."

मी म्हणाले, "मग? तरीही असं कसं झालं?"

"तेच मला कळंना. लावून बघू का?"

प्रोजेक्टर मीच जोडलेला होता. त्यांचा फोन त्याला जोडायला मीच मदत केली. पडद्यावर आमची गच्ची आली, मागं पाण्याची टाकी आली, आणि मी आले. खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो हा, की साडी अजून छान दिसतेय.

गाणं सुरू झालं. कुणीतरी गमतीनं म्हणालं, "चला, सगळे उभे राहा, आपण पण करू." खोलीभर शिक्षक उठले, हसत हसत. पडद्यावर मी 'हा हात उत्तर' म्हणत डावा हात बाहेर काढला. तो पडद्याच्या उजव्या बाजूला दिसला. आणि खोलीतल्या सगळ्या शिक्षकांनी, आरशात बघून करावं तसा, आपापला उजवा हात बाहेर काढला.

गाण्याचं कडवं संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेकाचा हात हवेतच थांबला. कुणी स्वतःच्या हाताकडं बघितलं, कुणी शेजाऱ्याच्या. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पडद्यावर मी अजून हसत नाचत होते.

वर्गात शिकवताना ही चूक मी कधी केली नसती. कवायत घेताना आपण मुलांकडं पाठ करतो, नाहीतर उलटा हात दाखवतो. बीएडला, डीएडला हे पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि समोर एखाद्यानं चुकीचा हात काढला की आपण जाऊन तो धरतो. फोनमधून मी कुणाचा हात धरणार? त्यात डावा-उजवा हे शब्द तरी असते तर एखादं मूल अडखळलं असतं. ते मी चालीत बसेनात म्हणून काढून टाकले होते.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "माझंच चुकलं मॅडम. मी फोन धरून पोरांच्या समोर हुबा असायचो. मला समोरनं ते बरोबरच वाटायचं."

ते असं म्हणाले नसते तर बरं झालं असतं. हा माणूस उन्हातान्हात, तोंडाला फडकं बांधून, एका घरातून दुसऱ्या घरी चालत गेला होता, आणि नेत होता काय तर माझी चूक. आणि आत्ता दहा मिनिटांपूर्वी मी त्यानंच घातलेल्या पायाबद्दल भाषण दिलं होतं. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागले. बैठक अजून संपली नव्हती, म्हणून केंद्रप्रमुखांनी वायर परत लावायला सांगितली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सहावी खेप होती. मला भूक लागली होती."

त्या संध्याकाळी मी माझ्या व्हिडिओंच्या वाहिनीवरून तो व्हिडिओ काढून टाकला. आता प्रकरण मिटलं, असं मला वाटलं. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकाशी एक आई भेटली. अगदी कौतुकानं म्हणाली, "बाई, तुमचा त्यो व्हिडिओ मी जपून ठेवलाय. थोरलीला दाखवला, आता बारक्याला दाखवती. बारका तर जेवतच न्हाई त्याच्याबिगर." तिनं तिथल्या तिथं फोन काढून लावला. बारक्यानं तिच्या कडेवरूनच उजवा हात बाहेर काढला.

मग मी सुधारित व्हिडिओ करायला घेतला. या वेळी कॅमेऱ्याकडं पाठ करून उभी राहिले, म्हणजे मुलांचा डावा तोच माझा डावा. शब्दही घातले, डावा आणि उजवा, चाल गेली खड्ड्यात. दिशा अगदी बिनचूक झाल्या. व्हिडिओ पाहून सासूबाई म्हणाल्या, "ही कोण बाई रुसून उभी आहे?" मी तो सगळ्या गटांवर टाकला. या वेळी अंगठे आले ते मोजून चार. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा होता.

शेवटी मी शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्कूटी काढून वस्त्यांवरच्या शाळांत जायला लागले. मागून येणारी मुलं तरी सरळ व्हावीत म्हणून. पहिल्यांदा गुरुजींच्या शाळेत गेले. त्यांनी मुलांना शाळा सुटल्यावरही थांबवून ठेवलं होतं. एक चिमुरडी माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या फोनातल्या बाई हायेत? एवढ्याशाच?" मी सगळ्यांना सांगितलं की, मी फोनमध्ये चुकीचं शिकवलं होतं, आता आपण नीट करू. मुलांना ते फार आवडलं. बाईंचं चुकलं, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. मग मी प्रत्येकाचा डावा हात धरला, उत्तरेला केला आणि सोडला. अर्ध्या तासात काम झालं.

माझ्या सहावीला हे सगळं कळलेलं होतंच. वस्तीवरच्या गोष्टी स्कूटीच्या आधी शाळेत पोचतात. वेण्यावाली म्हणाली, "बाई, तुमचा पाठमोरा व्हिडिओ काय चांगला न्हाई. तोंडच दिसत न्हाई. आमी करू का?"

"तुम्ही काय कराल?"

"हात-बित कशाला? आपला राजगड हाये की समोर. राजगडाकडं ती दक्षिण, म्हणून सांगायचं. कुणीबी इसरणार न्हाई."

हे मला सुचायला हवं होतं. मी फक्त फोन दिला. मुलांनी फोन मैदानाकडं, ओढ्याकडं, गडाकडं फिरवत व्हिडिओ केला. सूर्य उगवतो ती बाजू पूर्व, तोरण्याच्या बाजूला पश्चिम, राजगडाकडं दक्षिण, आणि पाठीशी रस्त्यापलीकडचे डोंगर ती उत्तर. कुणी नाचलं नाही. मागं एक बैल ओरडतो, तोही त्यात आहे. मी तो जपून, चारदा तपासून, नकाशा शेजारी ठेवून मगच पाठवला. आणि फक्त एकाच ठिकाणी पाठवला. माझी एक मैत्रीण गडाच्या पलीकडं, भोर बाजूला, भाटघर धरणाच्या पाण्याकाठच्या एका शाळेत शिकवते. तिला म्हटलं, तुझ्या सहावीला दाखव, आणि काही चुकलं असेल तर कळव.

दुपारी उत्तर आलं. तिच्या मुलांनी बोलून पाठवलं होतं. "तुमचं चुकलंय. राजगड उत्तरेला आहे."

सगळा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला होता, सगळ्यांनी ऐकलं. वेण्यावाली उसळून म्हणाली, "बघा! म्हंजी आमचं पयलंच बरोबर हुतं की! उगाच बदललं तुमी!"

मी नकाशा काढला. एवढं शिकवून, एवढ्या शनिवारी फिरून, क्षणभर मलाही खरंच वाटलं की, आपण परत काहीतरी उलटं केलं. मग डोक्यात उजेड पडला. गड मध्ये आहे. आम्ही त्याच्या उत्तरेला, ते त्याच्या दक्षिणेला. आम्हाला तो दक्षिणेला दिसणार, त्यांना उत्तरेला. दोन्ही बरोबर. आता हे समजावून सांगायला मी घसा साफ केला, खडू उचलला, पण कुणीच माझ्याकडं बघेना. मुलांनी माझ्याच फोनवरून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला होता. फोन मधे उभा करून दोन्ही शाळांचं भांडण सुरू झालं होतं.

"आमच्या दारातनं दिसतोय गड, दाखवू का?"

"आमच्या बी दारातनं दिसतोय! ह्यो बघ!"

दोन्हीकडची मुलं फोन घेऊन धावत बाहेर गेली. फोनवर त्यांच्या बाजूचा गड दिसत होता, डोळ्यांसमोर आमच्या बाजूचा. दोन्हीकडं तोच, पण वेगळाच दिसणारा. आमच्या वर्गातला एक मुलगा बराच वेळ फोनकडं आणि मग डोंगराकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आरं, त्ये पाठीमागनं बघत्यात."

"आमी पाठीमागनं न्हाई, तुमी पाठीमागनं!" तिकडून आवाज आला.

त्यावर पुन्हा भांडण झालं. मग रेंज गेली. आमची मुलं वर्गात येऊन फरशीवर बसली. कुणीतरी जेवणाचा डबा मधे ठेवला, हा गड. एका बाजूला आमची शाळा म्हणून एक पाटी, दुसऱ्या बाजूला त्यांची म्हणून दुसरी. वेण्यावालीनं डब्याभोवती बोट फिरवलं, एकदा आमच्या पाटीपासून, एकदा त्यांच्या. मला कुणी काही विचारलं नाही. मी खडू परत ठेवला. मधेच एकानं वरव्याचा विषय काढला. त्याचा मामा तिथं कंपनीत कामाला जातो. त्यानं स्वतःच तिसरी पाटी पूर्वेला ठेवली आणि सांगितलं, "मामाला गड मावळतीला दिसतो." मी दिशांचा धडा इतकी वर्षं शिकवत होते, हा मुद्दा माझ्या वर्गात आजवर एकदाही निघाला नव्हता.

पुढचे काही आठवडे फोनवरून येणं-जाणं चालू राहिलं. भांडण काही मिटेना, कारण आता दोघंही बरोबर असूनही कुणाला हरायचं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, एकदा भेटवूच यांना. मग मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांच्या सह्या असं सगळं करून आम्ही एका थंडीच्या दिवशी गडावर जायचं ठरवलं. ते त्यांच्या बाजूनं चढणार, आम्ही गुंजवण्याच्या बाजूनं. गुरुजींनाही मी बोलावलं. ते म्हणाले, "यीन की. गडावर फोन नको मातर."

मी चढण्याआधी मुलांना सूचनांचं भाषण दिलं: पळायचं नाही, बाईंच्या पुढं जायचं नाही. पहिल्याच चढावर सगळा वर्ग माझ्या पुढं गेला. माझा श्वास लागला, मी दर वीस पावलांनी निसर्ग बघायला थांबायला लागले. गुरुजी माझ्यासाठी मागं थांबत होते आणि आपण दमलोय असं सांगत होते, ते खोटं होतं. चोर दरवाज्याच्या खालच्या कातळात रेलिंग धरून मी वर आले तेव्हा आमची मुलं कधीच पुढं गेली होती.

गडावरच्या तळ्यापाशी पोचले तर दोन्ही शाळा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. कोण आमचं, कोण त्यांचं, हे गणवेशावरूनही चटकन कळेना, दोन्ही सारखेच. वेण्यावालीनं तिकडच्या एका मुलीचा हात धरून तिला उत्तरेच्या कड्याकडं नेलं होतं, खाली आमची शाळा दाखवायला. थोड्या वेळानं ती मुलगी हिला दक्षिणेकडं ओढत घेऊन गेली, धरणाचं पाणी दाखवायला. मला वाटलं, आता ही खरी वेळ. एवढी तयारी केली, आता दोन वाक्यांत सगळं बांधून द्यावं. मी एका दगडावर उभी राहिले आणि टाळी वाजवली.

"मुलांनो, आता सांगा बरं, आपण कुठं उभे आहोत?"

"गडावर!" दोन्ही शाळा एकदम ओरडल्या, आणि डबे उघडायला लागल्या.

गुरुजींनी मला खाली उतरायला हात दिला आणि भाकरीवर पिठलं वाढलं.